चौथा सोडून

कोशाच्या ऑफिसात एक पद्धत होती, आणि ती ऐकून नवा माणूस हटकून हसायचा. इंग्रजी शब्दांचे आपल्या भाषेत अर्थ देणारा तो कोश. शिकले-सवरलेले लोक वरच्या मजल्यावर बसून एकेका शब्दाची नोंद कार्डांवर लिहायचे. नोंद पुरी झाली की ती घेऊन जिना उतरायचा, तळमजल्यावर बांधणीच्या खोलीत जायचं आणि इंग्रजीचा गंधही नसलेल्या मावशींना ती मोठ्याने वाचून दाखवायची. मावशींना समजली तर पास. नाही समजली तर आल्या पावली परत.

आता बोला! एम.ए. झालेली माणसं आणि परीक्षा कोण घेणार, तर पुस्तकं शिवणारी बाई. पण त्यामागे कारण होतं. चौथा खंड निघाला तेव्हा वाचकांच्या तक्रारींचा पाऊस पडला होता. एकाने तर लिहिलं होतं की तुमचा कोश समजायला दुसरा कोश पाठवा. त्यानंतर मोठे साहेब आले. पाचव्या खंडापासून त्यांनी ही पद्धत सुरू केली ती सुरूच राहिली.

मावशी नोंद पास करायच्या तेही आपल्या तऱ्हेने. शेवटच्या कार्डाच्या कोपऱ्यात खळीने माखलेला अंगठा दाबायच्या. लिहिता-वाचता उत्तम यायचं त्यांना, पण सही करायची तर हात धुवायला हवेत. "दिवसातून वीसदा हात धुवायला मी काय डॉक्टरीण आहे?" असं त्या विचारायच्या.

तर त्या ऑफिसात सहा महिन्यांच्या बोलीवर एक मुलगी लागली होती. वयाने सगळ्यांत लहान म्हणून सगळे तिला धाकटी म्हणायचे. शाळेतली कायमची नोकरी सोडून आली होती बयो. घरी आई दोन दिवस बोलली नाही, आणि बोलली ती एवढंच की, "सहा महिन्यांनी हात हलवत परत आलीस तर मला सांगू नकोस." पण धाकटीला शब्दांचं वेड होतं. लहानपणी इतर मुलं गोळ्या जमवायची तेव्हा ही वहीत शब्द जमवायची. हे काम मिळालं नसतं तर ती मेली नसती, पण जगलीही नसती धड.

सहा महिने संपायला एक आठवडा उरला तेव्हा मोठ्या साहेबांनी तिला बोलावलं आणि कोरी कार्डं पुढे सरकवली.

"शी," ते म्हणाले.

हा विनोद ऑफिसात सगळ्यांनी पूर्वीच करून संपवला होता, त्यामुळे कोणी हसलं नाही. इंग्रजीत बाईबद्दल बोलताना वापरतात तो शब्द, आपण जिथे 'ती' म्हणतो तो.

"शुक्रवारी चार वाजता कार्डं छापखान्यात जुळणीला जातात," साहेब म्हणाले. "तोवर मावशींचा अंगठा झाला तर तुम्ही कायम. नाही झाला तर नोंद टाचणीकाका लिहितील. आणि तुम्ही... बघू मग."

'बघू मग' म्हणजे काय ते सगळ्यांना ठाऊक होतं. तिच्या आधीचे दोघे 'बघू मग' म्हटल्यावर पुन्हा दिसले नव्हते.

धाकटी जागेवर येऊन बसली तेव्हा मनात खूष होती. एवढासा शब्द! शेजारच्या टेबलावरून टाचणीकाकांनी तोंडातली टाचणी काढली. हे ऑफिसातले सर्वांत जुने. बोलताना टाचणी काढायचे आणि बोलून झालं की परत तोंडात ठेवायचे. "छोट्या शब्दांना जप," ते म्हणाले. "मोठा शब्द अंगावर येतो तो दिसतो. छोटा पायात येतो." आणि टाचणी परत तोंडात.

तीन दिवस धाकटीने मान वर केली नाही. कपाटं उपसली, जाडजूड ग्रंथ पालथे घातले, अकरा कार्डं भरली. मंगळवारी दुपारी ती तळमजल्यावर उतरली ती अशा तोऱ्यात की जणू निकाल खिशातच आहे.

बांधणीची खोली लांबट होती. एका बाजूला छापून घडी घातलेल्या पानांच्या, म्हणजे फर्म्यांच्या, चळती, दुसऱ्या बाजूला पुठ्ठे, मधे कागद कापायचं जुनं मशीन आणि खिडकीपाशी मावशी. समोर खळीचं पातेलं, हातात दाभण. साठी उलटलेली, अंगाने बारीक. दाभण फर्म्यातून आरपार जायचं, दोरा सर्रकन ओढला जायचा, गाठ बसायची, आणि हे सगळं न बघता. बघायच्या त्या वाचणाऱ्याच्या तोंडाकडे.

"बस. वाच," मावशी म्हणाल्या.

धाकटीने वाचलं. बाईसाठी वापरायचा शब्द. जहाजालाही वापरतात, कधी देशाला, कधी गाडीला नि यंत्राला, मात्र ही चाल आता कमी होत चालली आहे. मग व्युत्पत्ती. हा शब्द अमुक जुन्या शब्दापासून आला, त्याचा उच्चार असा असा बदलला, आणि त्याचं आजचं रूप झालं. मग उदाहरणं. तिने दम खाल्ला आणि अंगठ्याकडे बघत बसली.

मावशींनी दोरा ओढला. "जहाजाला बाई म्हणतात?"

"हो."

"आणि मशीनला?"

"तेसुद्धा."

"मग बरोबर आहे," मावशी म्हणाल्या. "आमच्या या कापायच्या मशीनला मी बयाच म्हणते. सकाळी नीट बोललं नाही तर दिवसभर वाकडं कापते. ते कळलं मला. पण तो मधला भाग, शब्द कुठून आला तो, तिथे तू पळालीस."

"पळाले म्हणजे?"

"बाकी सगळं पायी चालत सांगितलंस, तिथे आल्यावर धावत सुटलीस. श्वास नाही घेतलास. मला इंग्रजी येत नाही ग बाई, पण माणूस कुठे धावतं ते कळतं. शिवताना दोरा ढिला पडला की हाताला कळतं ना, तसं. जा, नीट बघून ये."

धाकटीचा चेहरा पडला. जिना चढताना तिला मावशींचा असा राग आला की विचारू नका. कोण ही बाई? हिला काय कळतं? पण टेबलाशी बसल्यावर कार्ड पुन्हा वाचलं आणि तिचे कान तापले. कारण मावशींनी नेमकं बोट ठेवलं होतं.

गोष्ट अशी होती. फार जुन्या इंग्रजीत पुरुषाला 'हे' म्हणायचे आणि बाईला 'हेओ'. लोकांच्या तोंडात घोळता घोळता शब्द झिजले आणि बऱ्याच ठिकाणी दोन्हींचा आवाज जवळजवळ एकच झाला. कोणाबद्दल बोलणं चाललंय, बाईबद्दल की बुवाबद्दल, ते ऐकून कळेना. मग सुमारे साडेआठ-नऊशे वर्षांपूर्वी हा 'श'चा शब्द कागदावर दिसायला लागतो. आला कुठून? काही पंडित म्हणतात जुना 'हेओ'च उच्चार बदलत बदलत इथवर आला. काही म्हणतात 'ती अमकी' अशा अर्थाचा 'सेओ' नावाचा वेगळाच शब्द होता, त्याने जागा घेतली. भांडण अजून मिटलेलं नाही. आणि धाकटीने काय केलं होतं, तर त्यातला एक पक्ष उचलून ठोकून दिलं होतं की असंच झालं. शेवटच्या आठवड्यात, कायम व्हायच्या नोंदीत, 'माहीत नाही' कोण लिहील?

"मी असतो तर नसतं लिहिलं," टाचणीकाका म्हणाले. टाचणी हातात होती म्हणजे मनापासून बोलत होते. "साहेब म्हणतील, सहा महिने पगार घेऊन बाईंना माहीत नाही."

धाकटीने रात्रभर नव्हे, पण अख्खी बुधवारची सकाळ त्या कार्डाकडे बघत काढली. मग ते फाडलं. नव्या कार्डावर लिहिलं, 'हा शब्द नेमका कुठून आला हे खात्रीने सांगता येत नाही,' आणि खाली दोन्ही बाजू मांडल्या.

दुपारी मावशींनी ते ऐकलं आणि शिवण थांबवली. पूर्वी कोणाच्या नोंदीला त्यांनी शिवण थांबवलेली धाकटीने पाहिली नव्हती.

"म्हणजे बोलण्यातून बाई हरवलीच होती म्हण की," मावशी म्हणाल्या.

"तसंच काहीसं."

"आणि मग कोणीतरी नवा शब्द आणून तिला परत उभं केलं. कोणी ग?"

"ते माहीत नाही, मावशी. कोणा एकाने नाही. तिथले साधे लोक असतील. शेतावरचे, बाजारातले. लागला म्हणून वापरला, आणि टिकला."

"राजाने नाही सांगितलं?"

"छे!"

"आणि आज त्या साऱ्या मुलखांत तोच बोलतात?"

"सगळीकडे."

"वा!" मावशींनी असा काही वा काढला की मशीनवरची धूळ उडावी. "काय लोक असतील! नाव नाही, गाव नाही, आणि एवढं मोठं काम करून गेले. हे आवडलं मला. आता नाही पळालीस."

धाकटीने हळूच कार्ड अंगठ्याजवळ सरकवलं.

"थांब. उदाहरणं वाच परत."

उदाहरणं वाचताना धाकटी निर्धास्त होती. त्यात काय चुकायचं? ती सुंदर आहे. ती त्याची वाट बघत आहे. ती रडत होती. ती त्याच्यावर प्रेम करते. ती आजारी आहे.

"अगं, या बाईला काही कामधंदा आहे की नाही?" मावशी म्हणाल्या. "सगळ्या मुलखाने मिळून एवढा खटाटोप करून शब्द आणला, तो काय रडायला आणि वाट बघायला? तू स्वतः काय केलंस आज सकाळपासून? रडत बसलीस?"

"थोडीशी," धाकटी खरं बोलली.

"आणि उरलेला वेळ?"

"काम केलं."

"मग ते लिही. जा."

गुरुवार उदाहरणांत गेला. धाकटीने खूप लिहिली. ती पूल बांधते. ती विमान चालवते. ती न्यायाधीश आहे. मोठमोठी, खणखणीत. वाचून बघितली तर एकही बाई खरी वाटेना. सगळ्या कुठल्यातरी पोस्टरवर उभ्या होत्या. संध्याकाळी आईचा फोन आला. "उद्या कळेल ना ग?" आईने विचारलं, आणि मग एकदम मऊ आवाजात, "नाही झालं तरी ये हो घरी. मी काही बोलणार नाही." धाकटीला त्या मऊपणानेच जास्त भडभडून आलं.

शुक्रवारी ती लवकर आली. खिडकीतून खाली बांधणीच्या खोलीचं दार दिसायचं. मावशी आल्या, दाराला खांदा देऊन कुलूप काढलं, मशीनला काहीतरी पुटपुटल्या, बहुतेक शिवीच, आणि कामाला बसल्या. तीस वर्षं ही बाई हेच करते आहे. हिने शिवलेली पुस्तकं किती टेबलांवर, किती शाळांत, किती परीक्षांच्या आदल्या दिवशी उघडली गेली असतील, आणि एकाही पानावर हिचं नाव नाही. संपादकांची नावं आहेत, कागदवाल्याचं आहे, छापखान्याचं आहे. धाकटीला एकदम स्वतःचीच लाज वाटली. तीन दिवस ती बाई शोधत हिंडत होती, आणि तीच बाई तिची नोंद ऐकत समोर बसलेली होती.

तिने सगळी उदाहरणं खोडली. पाच नवी लिहिली, साधी, आणि शेवटचं लिहून अकराला खाली गेली.

मावशी ऐकत होत्या. दोरा सरसर चालला होता. "ती सकाळी सातला दार उघडते. तिने मशीनला शिवी दिली आणि मशीन सुरू झालं." मावशी गालातल्या गालात हसल्या. "तिला इंग्रजी येत नाही, पण चूक कळते." दोरा जरा हळू झाला. आणि शेवटचं. "या कोशाचे आजवरचे सगळे खंड तिने बांधले."

दोरा थांबला.

धाकटीला वाटलं, झालं. आता मावशी पदर डोळ्यांना लावतील, अंगठा दाबतील, आणि आपण जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढू.

मावशी म्हणाल्या, "हे खोटं आहे."

"काय?"

"शेवटचं. खोटं आहे. चौथा मी नाही बांधला."

मग मावशींनी दाभण खाली ठेवलं आणि सांगितलं. चौथ्याच्या वेळी त्यांचा उजवा हात मनगटात मोडला होता. सांगितलं असतं तर दुसरा माणूस ठेवला असता आणि ही जागा गेली असती. तेव्हा त्यांची जाऊ आली त्यांच्या जागी. घरचं सगळं उरकून यायची, इथे येऊन शिवायची. शिवायला मावशींनीच शिकवलं होतं तिला, पण ती डावखुरी, आणि हात त्यांच्याहून बरा. चार महिने, दीड हजार प्रती.

"आणि कोणाला कळलं नाही?" धाकटीने विचारलं.

"इथे उतरतं कोण तेव्हा? आलं कोणी तरी वाकलेली पाठ दिसायची. मावशी, हे ठेवतो म्हणायचे आणि जायचे. ती 'हं' म्हणायची. संपलं." मावशींचा आवाज बसला. "सहा वर्षं झाली तिला जाऊन. शेवटी शेवटी मला म्हणाली, वहिनी, आपला चौथा अजून उसवला नाही ना कुठे? मी म्हटलं, नाही ग. बाहेर मात्र कधी तोंड उघडलं नाही मी. लोकांच्या नोंदींतलं खोटं पकडत बसले, आणि माझं हे एवढं मोठं पोटात ठेवलं."

धाकटीने घड्याळ बघितलं, साडेअकरा. तिने तिथेच, कापायच्या मशीनच्या फळीवर कार्ड ठेवलं, शेवटची ओळ खोडली आणि नवी लिहिली. मग वाचली.

"चौथा सोडून या कोशाचे आजवरचे सगळे खंड तिने बांधले."

मावशींनी वाकून ती ओळ स्वतः वाचली.

"नाव घालता येत नाही, मावशी. कोशात कोणाचंच नाव घालत नाहीत उदाहरणात."

"नाव कशाला?" मावशी म्हणाल्या. "चौथा सोडून म्हटलंस ना? ते 'सोडून' आहे ना, तिथे ती बसली आहे बघ. ज्याला कळायचं त्याला कळेल. परत वाच."

धाकटीने परत वाचलं. मावशींनी पातेल्यात अंगठा बुडवला आणि कार्डाच्या कोपऱ्यात दाबला. मग पुन्हा बुडवला आणि त्याच्या शेजारी, अगदी खेटून, दुसरा दाबला.

"एक माझा," त्या म्हणाल्या. "आणि एक तिचा." आणि मग त्या रडल्या, मोकळ्या, खळीचे हात बाजूला धरून, कारण पदराला खळ लागली असती. धाकटीने आपल्या ओढणीने त्यांचे डोळे पुसले.

वर साहेबांनी कार्डं एकेक करून वाचली. 'खात्रीने सांगता येत नाही' पाशी आले तेव्हा टाचणीकाकांनी श्वास रोखला. साहेबांनी मान हलवली आणि पुढचं कार्ड घेतलं. शेवटच्यावर ते अडले.

"चौथा सोडून का? वाचणारा विचारेल."

"विचारू दे, सर."

"आणि हे दोन अंगठे?"

धाकटी एवढंच म्हणाली, "दोघी आहेत त्यात." ती पळाली नाही. बोलून झाल्यावर श्वास घेतला आणि उभी राहिली.

साहेब उठले. कपाटातून तिसरा खंड काढला, चौथा काढला, दोन्ही टेबलावर उघडे धरले. तिसऱ्याच्या शिवणीची गाठ डावीकडे होती. चौथ्याची उजवीकडे, आणि जरा जास्तच बारीक. चोवीस वर्षं ते कपाट त्यांच्या पाठीशी होतं, म्हणजे तेवढी वर्षं ते स्वतः त्याला पाठ करून बसले होते. बराच वेळ ते त्या गाठीवरून बोट फिरवत राहिले. मग त्यांनी चौथा खंड मिटला, पण कपाटात परत ठेवला नाही. काखेत मारला आणि जिन्याकडे निघाले.

"सर, कार्डं?" टाचणीकाकांनी विचारलं. टाचणी तोंडातच होती, म्हणजे गडबडले होते.

"जाऊ द्या जुळणीला. एक अक्षर बदलायचं नाही." दोन पायऱ्या उतरून साहेब थांबले आणि मागे न बघता धाकटीला म्हणाले, "सोमवारी पुढचा शब्द घ्या. शीफ, म्हणजे पेंढी. सोपा वाटेल, जपून."

आणि साहेब खाली गेले. बांधणीच्या खोलीचं दार वाजलं, आणि मग त्यांचा आवाज वर ऐकू आला, "मावशी, बसू का जरा? मला चौथ्याबद्दल सांगा."

धाकटीने आईला फोन लावला.